गुरुवारच्या बैठकीतलं तुमचं ‘नाही’

आई, तुम्ही गेल्यावर परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला सहा जण बोलायला उभे राहिले आणि सहाही जण एकच बोलले. या माउलीने पोराला नशेतून ओढून काढलं. कोणी म्हणालं तुमच्या शीलाचं बळ, कोणी म्हणालं तुमचे अश्रू. माइक हातात आला की ज्यांना तो सोडवत नाही ते आपल्या वस्तीतले गुरुजी तर म्हणाले, "या मायनं जिंदगीत कधी खोटं बोललं नाही." मी पांढऱ्या पदरात तोंड लपवून बसले होते. बायकांना वाटलं मी रडते आहे. एकीने पाठीवरून हात फिरवला. मला हसू येत होतं, आई, आणि ते फार वाईट हसू होतं.

मी बोलले नाही. दोनदा माझं नाव पुकारलं, शिक्षिका आहेत, सून आहेत, दोन शब्द बोलतील म्हणून. मी मान हलवली. नऊ वर्षांचं साठलेलं दोन शब्दांत कसं सांगायचं? आणि ते लोकांना सांगायचं नव्हतंच, तुम्हाला सांगायचं होतं. म्हणून आता वहीत लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तुमची पत्रं मीच वाचून दाखवायची. हेही तसंच समजा.

तुम्ही मला पाहायला भिवापूरला आलात तेव्हा मिरचीचा हंगाम होता. आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे मिरच्या वाळत होत्या. तुमच्यासोबत आलेल्या मधुकरांचे डोळे लालभडक होते आणि त्यांना नीट बसताही येत नव्हतं. माझ्या आत्याने विचारलं, पोराला बरं नाही का? तुम्ही चटकन म्हणालात, "मिरचीचा खकाणा लागला वं बाई. शहरातल्या पोराले सवय नाही." आत्या ओशाळली आणि आम्ही सगळ्यांनी मिरच्या गोळा करून मागच्या बाजूला नेल्या. माझ्या वडिलांनी साधा प्रश्न विचारला होता, मुलाला काही व्यसन? तुम्ही उत्तर दिलंत, "छप्पन सालापासून आमच्या घरात दारूचा थेंब नाही." हे अगदी खरं होतं. खरं बोलून फसवायचं कसं, हे मी पुढे कितीतरी वर्षं त्या वाक्यातून शिकत राहिले.

लग्नानंतर मला दिसायचं ते एवढंच की जेवण झालं की तुम्ही राईच्या डब्यात हात घालता, कागदाची पुडी काढता आणि मधुकरना एक गोळी देता. अशक्तपणा आहे, तुम्ही म्हणालात. मी मान्य केलं. नव्या सुनेने सासूच्या डब्यात डोकवायचं नसतं. मग तुमची बहीण आजारी पडली आणि तुम्ही नऊ दिवस हुडकेश्वरला गेलात. जाताना ती पुडी माझ्या हातात दिलीत. "जेवण झालं का एक. दोन मांगितल्या तरी एकच देजो."

मी आठ दिवस दिल्या, आई. पाण्याचा पेला भरून, हातावर ठेवून दिल्या. आठव्या दिवशी ते इतकं मागे लागले की मी दोन दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी शाळेची वेळ टळली तरी ते उठेनात, हलवलं तरी उठेनात. मी शेजारच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला बोलावून आणलं. त्याने गोळी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, हे तर झोपेच्या गोळ्या आहेत. किती दिवसाची सवय आहे याले?" माझ्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते.

तुम्ही परत आल्यावर मी पुडी तुमच्यासमोर ठेवली. वाटलं, रडाल, हात जोडाल. तुम्ही शांतपणे ती उचलून परत डब्यात टाकलीत. "घरात घेते तो, माया डोळ्यासमोर. बाहेर गेला असता त कोन्या नालीत पडला असता." मी म्हणाले, आई, आपण रोज पंचशील म्हणतो, पाचवं शील काय आहे? तुमचं उत्तर तयार होतं. "ते दारूचं आहे. हे गोळी आहे. गोळी म्हणजे औषध." त्या दिवशी मी दोन तास तुमच्याशी वाद घातला आणि तुम्ही गहू निवडत राहिलात. मी डी.एड. झालेली आणि तुम्ही अंगठा लावणाऱ्या, पण हरले मीच.

तुम्ही असं का करत होतात ते मला हळूहळू कळलं. मामंजींनी दीक्षेच्या दिवशी दारू सोडली, एका दिवसात सोडली आणि पुन्हा शिवली नाही, ही गोष्ट वस्तीत दरवर्षी सांगितली जायची. तेव्हा मधुकर तुमच्या पोटात होते. गर्दीत धक्का लागू नये म्हणून तुम्ही पोटावर दोन्ही हात धरून त्या मैदानात उभ्या होतात. सगळे त्यांना दीक्षेचं पोर म्हणायचे. असं पोर पॉलिटेक्निकमध्ये जाऊन गोळ्या खायला लागलं, हे तुम्ही वस्तीत कोणत्या तोंडाने सांगणार होतात? हे सगळं मला समजत होतं. समजलं म्हणून राग गेला असता तर किती बरं झालं असतं.

पुढची दोन वर्षं मी लिहीत नाही. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून त्यांना काढलं, हात थरथरायचे म्हणून. राईच्या डब्यातली एक पुरेना. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी मला मोठ्या दवाखान्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीचं सांगितलं. तिथे दर गुरुवारी चार वाजता नशा सोडवणाऱ्या मॅथ्यू बाई बसायच्या. केरळच्या, पण आमच्यापेक्षा जास्त वर्षं नागपुरात काढलेल्या. मी मधुकरना घेऊन गेले तर त्यांनी आम्हाला दारातूनच परत पाठवलं. "एकटा नको. घर आणा. पूरा घर येणार तर बसू, नाहीतर नको." मला तेव्हा संताप आला होता. आजारी माणूस समोर आणून उभा केला तर ही बाई म्हणते, सासूला आण.

तुम्ही आलात, हे मी विसरत नाही. पहिल्याच गुरुवारी आलात, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून. मामंजी गिरणीतून परस्पर आले, डोक्यात कापूस तसाच.

तिथे बाईंचा एक नियम होता: ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्याकडे बघून त्यालाच बोलायचं. आपल्या घरात हे कोणाला जमत होतं? मामंजी तुम्हाला सांगायचे, "त्याले म्हण, जेवून घे." मधुकर तुम्हाला सांगायचे, "बाबाले म्हण, भूक नाही." दोघं एकाच खोलीत बसलेले आणि तुम्ही मधून निरोप पोचवायच्या. बाईंनी तुम्हाला गप्प बसायला सांगितलं तर दोघंही बाप-लेक भिंतीकडे बघत बसले. तुम्ही दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतंत, निरोप बाहेर पडू नये म्हणून.

दुसऱ्या गुरुवारी बाईंनी मधुकरना उठवलं आणि म्हणाल्या, तुमच्या घरात कोण कुठे असतं तसं या खोलीत उभं करा. मधुकरनी मामंजींना दारापाशी नेलं, तोंड बाहेर. तुम्हाला स्वतःच्या अगदी समोर उभं केलं, इतकं जवळ की तुमच्यामागे ते दिसतच नव्हते. मग माझा हात धरला आणि थांबले. मला कुठे ठेवायचं ते त्यांना कळेना. इकडे नेलं, तिकडे नेलं, शेवटी कोपऱ्यातल्या पाण्याच्या मडक्याजवळ सोडून परत तुमच्यामागे जाऊन उभे राहिले. बाईंनी मला विचारलं, "इथून काय दिसतं?" मी म्हणाले, आईंची पाठ. तुम्ही मागे वळून बघितलंत आणि तुमचा चेहरा पडला.

आणि मामंजी. दोन गुरुवार गप्प बसलेला माणूस तिसऱ्या गुरुवारी एकदम उसळला. "मी सोडली ना एका दिवसात! याले काहून नाही सोडता येत?" बाईंनी विचारलं, "तुम्ही एकट्याने सोडली?" मामंजी म्हणाले, "एकटा कायले? अख्खी वस्ती होती संग. लाखो लोक होते गा." त्या मल्याळी बाईला, गड्याला म्हणावं तसं, ‘गा’ म्हणाले ते. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यासोबत लाखो. आणि याच्यासोबत कोण?" मामंजी खुर्चीत बसले आणि रडले. गिरणीतल्या आवाजाने कान गेलेला तो कडक माणूस मुलाकडे बघून, पहिल्यांदा थेट मुलाला म्हणाला, "चाल, मी आहो." ते वारले तेव्हा मला हेच वाक्य आठवलं.

त्याच दिवशी बाईंनी विचारलं, गोळ्या देतं कोण? मी ठरवलं होतं, मी नाही सांगायचं. तुम्ही हात वर केलात, माझ्या पहिलीच्या वर्गातली पोरं करतात तसा. "मी." बाई रागावल्या नाहीत. कशाची भीती होती, एवढंच विचारलं. तुम्ही म्हणालात, "मरनाची." आई, त्या क्षणी मला तुमचा इतका अभिमान वाटला की उठून तुमच्या शेजारी येऊन बसावंसं वाटलं. मी उठलेही होते.

मग बाईंनी पुढचं विचारलं. "ही सवय लग्नाआधीपासून? तुम्हाला माहीत होतं?"

आणि तुम्ही म्हणालात, "नाही. लग्नानंतरच लागलं त्याले."

मी अर्धी उठलेली तशीच खाली बसले. तुम्ही नुसतं खोटं बोलला नाहीत, माझ्या पायगुणावर बोट ठेवलंत. मी आले आणि तुमचं पोर बिघडलं. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं आणि मी लिहू दिलं. माझ्यात तुमच्याशी वाद घालायची हिंमत होती, पण तुम्हाला तिथे उघडं पाडायची नव्हती.

घरी आल्यावर मात्र मी सोडलं नाही. सहा वर्षं सोडलं नाही. भाजी निवडताना, पोरीला न्हाऊ घालताना, सणाला, बिनसणाला. आई, खरं सांगा, माहीत होतं ना? तुमचं ठरलेलं "नाही." एकदा तर मी तुम्हाला म्हणाले, तुम्ही मला सून म्हणून नाही, औषध म्हणून आणलं. तुम्ही म्हणालात, "तसंच समज." आणि मला चहा करून दिलात. तो चहा मी मोरीत ओतला, तुमच्यादेखत. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले.

चांगलंही लिहिते, नाहीतर माझंही ते गुरुजींसारखं एकाच बाजूचं व्हायचं. बाईंनी सांगितलं त्या दिवसापासून तुम्ही गोळी दिली नाहीत. पहिले चार दिवस मधुकर दारावर डोकं आपटत होते, घाणेरडं बोलत होते, तुम्हाला, आईला. तुम्ही दाराला पाठ लावून बसून राहिलात आणि मामंजींना म्हणालात, "मी नाही उठत. तुमीच बोला त्याच्यासंग." दोन वर्षांनी ते पुन्हा घसरले, या वेळी गर्दवर, आणि माझ्या पोटात मूल होतं. तेव्हा तुम्ही कोणाला न सांगता एकट्या पायी बाईंकडे गेलात आणि सांगून आलात. लपवणाऱ्या बाईने हे केलं. त्याला चार वर्षं झाली. आज ते टीव्ही दुरुस्त करतात, त्यांचा हात स्थिर आहे. हे शीलाने झालं नाही की अश्रूंनी. घरातली चार माणसं दर गुरुवारी जाऊन एकमेकांसमोर बसली, म्हणून झालं. परवा सहापैकी एकाही वक्त्याने त्या खोलीचं नाव काढलं नाही. त्यांना ते माहीतच नाही. तुम्ही वस्तीत सांगितलं होतंत की आम्ही तुमच्या गुडघ्याच्या शेकासाठी दवाखान्यात जातो.

आणि मग तुमच्या पोटातली ती गाठ. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या लिहून दिल्या, कडक होत्या, गुंगीच्या. तुम्ही नाव विचारलंत आणि माझ्या हातातली चिठ्ठी काढून घेतलीत. "हे घरात नाही आनायचं वं." मी म्हणाले, मी शाळेच्या कपाटात कुलपात ठेवते, रोज एकच आणते. "नाही." मी म्हणाले, रोज दवाखान्यात जाऊन घेऊ. "नाही. त्याले समजते. त्याच्या समोर मले गुंगी आलेली नाही पाह्यजे." चार महिने तुम्ही गरम विटेचा शेक घेऊन काढलेत. ओठ चावून चावून सोललेले. मी रोज वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, तुमच्या पोटाशी लावली आणि मनात तुमच्यावर चिडत राहिले. कारण एक वाक्य बोलला असतात तर पुरलं असतं. ते न बोलता तुम्ही हे असलं काही करून दाखवत होतात, ज्याच्यापुढे मला बोलताच येईना. शेवटच्या आठवड्यात तुमच्या कानाशी वाकून मी पुन्हा विचारलं. लाज वाटते लिहायला, पण विचारलं. तुम्ही मान हलवलीत. नाही.

परवा सगळे गेल्यावर दुपारी मी आणि मधुकर विहाराच्या सतरंज्यांच्या घड्या घालत होतो. मी त्यांना टोचायला म्हणाले, "गुरुजी म्हणे, आई कधी खोटं नाही बोलली."

ते थांबले. "बोलली. एकदा बोलली. मायासाठी."

मी सतरंजीचं टोक धरून तशीच उभी राहिले.

"भिवापूरच्या स्टँडवर उतरलो तं आई म्हने, पोरीच्या बापाले सांगून टाकते. मंग त्याइची मर्जी. मी तिचे पाय धरले. म्हटलं, सांगशील तं कोनी पोरगी देनार नाही, अन् मी सोडूनच राहिलो ना. भर स्टँडवर पाय धरले. मंग ते चूप झाली."

"अन् त्या गुरुवारी? बाईंनी विचारलं तेव्हा?"

"आईनं मायाकडे पाह्यलं. मी खाली पाह्यलं."

एवढंच. सहा वर्षं मी ज्या प्रश्नाने तुमचा जीव खाल्ला, त्याचं उत्तर रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतं.

तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात तर बाईंनी लगेच त्यांच्याकडे वळून विचारलं असतं, आणि तू? तुला माहीत होतं, तू का नाही सांगितलंस या मुलीला? तेव्हा ते नुकतेच सोडायला तयार झाले होते. तुम्हाला वाटलं, एवढ्याने तो मोडेल. म्हणून पाप तुम्ही आपल्या नावावर घेतलंत, माझ्या पायगुणालाही मध्ये ओढलंत आणि मग सहा वर्षं माझी बोलणी खाल्लीत, गाठीचं दुखणं खाल्लंत तशी. त्याने सोसायचं ते आपण सोसायचं, हीच तुमची जुनी खोड. मॅथ्यू बाईंनी इतके गुरुवार घासून घासून शिकवलं आणि तुम्ही शेवटपर्यंत शिकला नाहीत. फक्त गोळी द्यायची थांबवलीत.

तुमच्यावर राग धरणं सोपं होतं, आई. तुम्ही म्हाताऱ्या, सासू, आणि रागावलं तरी चहा करून देणाऱ्या. तुमच्यामुळे मला यांच्याबरोबर संसार करता आला. आता मी मोरीत ओतलेल्या त्या चहाची माफी कोणाकडे मागू? आणि हा उरलेला राग, तो ज्याचा आहे त्याला कसा देऊ?

मी त्यांना म्हणाले, "गुरुवारी चला बाईंकडे."

"आता कायले? चार वर्षं झाले. अन् आई बी नाही."

"आई नाहीत म्हणूनच. हे मला घरात नाही ऐकायचं. तिथे बसून, माझ्याकडे बघून सांगा."

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "अन् मी पुन्हा घसरलो तं?"

हाच प्रश्न तुम्हाला आयुष्यभर पडला होता ना? मला वाटायचं, तो मला पडलाच तर माझं उत्तर तुमच्यापेक्षा शहाणपणाचं असेल. ते माझ्याकडे बघत होते आणि माझ्या तोंडाशी आलं होतं, जाऊ द्या, झालं गेलं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं. मला भीती वाटते, आई, तुम्हाला वाटायची तेवढीच. उद्या गुरुवार आहे आणि आम्ही दोघं जाणार आहोत.